मोटारसायकलची घरगुती देखभाल आणि झिजणाऱ्या भागांची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, आणि एकूणच विदर्भाच्या खेड्यापाड्यांत, मोटारसायकलवर वावरातली फवारणी, डेअरीचे दूध, आठवडी बाजार आणि रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचा माणूस असे सगळेच अवलंबून असते. चांगला मिस्त्री तालुक्याच्या गावाला असतो आणि तिथे गेले की अख्खा दिवस जातो. म्हणून जी कामे घरच्या ओट्यावर नीट होऊ शकतात, ती प्रत्येक गाडीमालकाला आली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. गेली अनेक वर्षे मी माझ्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांची ही कामे करतो. त्या काळात लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना धरून दिली आहेत, कारण गावात त्याच जास्त आहेत.

कोणती कामे घरी करावीत आणि कोणती मिस्त्रीकडेच द्यावीत?

इंजिन ऑइल बदलणे, एअर फिल्टर पाहणे, प्लग काढून साफ करणे, चेन धुऊन तिला तेल देणे व ताणणे, ड्रम ब्रेकचे लायनर बदलणे, क्लच व ब्रेकची मोकळी चाल जुळवणे, बॅटरीचे टर्मिनल साफ करणे आणि टायरची हवा तपासणे ही कामे शिकलेला कोणताही माणूस घरी करू शकतो. टॅपेटची (इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, दाबणाऱ्या भागाची) सेटिंग, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), पुढच्या शॉकअपचे ऑइल सील, क्लच प्लेट, कार्बोरेटरची सेटिंग आणि इंजिन उघडण्याचे कोणतेही काम मिस्त्रीकडे द्यावे. टॅपेटमधील अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजले जाते आणि ते थंड इंजिनवर फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) लावूनच जुळवायचे असते. कानाने आवाज ऐकून ते जुळवणारे लोक असतात, पण फार घट्ट बसवलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि कालांतराने जळतो.

डिस्क ब्रेकच्या बाबतीत पॅड किती उरले आहेत हे घरी पाहावे, पण नळीत हवा शिरली असेल किंवा ब्रेकचे तेल बदलायचे असेल, तर ज्याने ते काम आधी केलेले आहे त्याच्याकडूनच करून घ्यावे.

घरी कोणती हत्यारे असावीत?

गाडीबरोबर मिळालेले टूलकिट सीटखाली आहे का, हे आधी पाहावे; अनेकांच्या गाडीत ते पहिल्या वर्षीच हरवलेले असते. त्याशिवाय ८ ते १९ नंबरपर्यंतचे रिंग पाने, १० आणि १२ नंबरचे टी-पाने, आपल्या गाडीच्या प्लगला बसणारा प्लग पाना, चांगल्या धारेचे दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हवेचे गेज आणि एक साधा मल्टिमीटर एवढे पुरते. हातपंप असेल तर उत्तम. हत्यारे थोडी घ्यावीत, पण चांगल्या पोलादाची घ्यावीत. मऊ लोखंडाचा पाना नटाचे कोपरे गोल करतो, आणि गोल झालेला नट काढायला शेवटी छन्नी-हातोडी लागते.

माझ्या गाडीचे किलोमीटर मीटर बंद आहे. ऑइल केव्हा बदलायचे हे कसे कळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. मीटरची वायर तुटली असेल तर ती बदलून घेणे हाच खरा उपाय आहे, आणि ती महाग नसते. तोपर्यंत पेट्रोलचा हिशेब ठेवावा. तुमची गाडी लिटरला साधारण ६० किलोमीटर देत असेल, तर ५० लिटर पेट्रोल संपले म्हणजे ३,००० किलोमीटर झाले. ऑइल बदलल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि त्यानंतर प्रत्येक वेळी टाकलेले लिटर त्या-त्या तारखेच्या चौकोनात मांडत जावे. आमच्या घरी हे काम मुलगी करते आणि तिचा हिशेब मीटरपेक्षा पक्का असतो.

कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ऑइल बदलण्याचा टप्पा गाडीनुसार वेगळा असतो. अनेक गाड्यांना तो पाच-सहा हजार किलोमीटरचा आहे. पण त्याच पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यावर किंवा जड ओझे वाहताना देखभाल लवकर करावी, असेही लिहिलेले असते, आणि पांदण रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दोन चुंगड्या कापूस घेऊन चालणारी गाडी याच वर्गात मोडते. म्हणून मी ३,००० किलोमीटरला ऑइल बदलतो. गाडी फारशी चालली नसली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावेच, कारण थोडे अंतर चालून बंद होणाऱ्या इंजिनात बाष्प आणि पेट्रोलचे अंश ऑइलमध्ये साचत राहतात.

कोणते इंजिन ऑइल घ्यावे? डब्यावरच्या अक्षरांचा अर्थ काय?

डब्यावर दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली म्हणजे जाडी, जी १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशी लिहिलेली असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहते ते सांगतो. हिरो आणि होंडाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना १०डब्ल्यू-३०, बजाजच्या पल्सर १५० सारख्या गाड्यांना २०डब्ल्यू-५०, तर रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५० ही जाडी कंपनीनेच सांगितलेली आहे. आपल्या गाडीची जाडी पुस्तिकेत पाहावी आणि तीच घ्यावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि तीच बहुतेक लोक पाहत नाहीत. मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यामुळे ऑइल असे हवे की ते पिस्टनला आणि गिअरला घसरते ठेवेल, पण क्लचच्या प्लेटा एकमेकींवरून घसरू देणार नाही. अशा ऑइलवर जासो (जपानी मानक) एमए किंवा जासो एमए२ असे छापलेले असते. जासो एमबी असे लिहिलेले ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते, कारण तिचा क्लच कोरडा असतो. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ मिसळलेले असतात, आणि ते मोटारसायकलमध्ये टाकले की चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही.

आमच्या उन्हाळ्यात १०डब्ल्यू-३० पातळ पडत नाही का?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण चालत्या इंजिनातल्या ऑइलचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असते आणि कंपनीने जाडी त्या तापमानाला धरून ठरवलेली असते. बारीक वाटांसाठी बनवलेल्या इंजिनात जाड ऑइल टाकले, तर सकाळी गाडी सुरू केल्यावर ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचते आणि मायलेजही थोडे कमी होते. उन्हाळ्यात खरी काळजी पातळीची घ्यायची असते. या इंजिनांत एकूण ऑइलच सुमारे एक लिटर किंवा त्याहून कमी असते, त्यामुळे २०० मिलिलिटर कमी झाले तरी फरक मोठा पडतो. जुने इंजिन ऑइल खात असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तरच मिस्त्रीला विचारून एक पायरी जाड ऑइल वापरून पाहावे. मात्र तो तात्पुरता आधार आहे, दुरुस्ती नव्हे.

घरात ट्रॅक्टरचे ऑइल शिल्लक आहे. ते चालेल का?

नाही. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळी धरून ठेवण्यासाठी बनवलेले असते, आणि त्याची जाडी व क्लचशी असलेली जुळणी मोटारसायकलची नसते. डब्यावर जासो एमए नसेल, तर ते ऑइल कितीही भारी असले तरी मोटारसायकलला टाकू नये. दुकानात पिंपातून मापाने मिळणारे सुटे ऑइलही घेऊ नये, कारण त्याची जाडी, जात आणि वय यांपैकी काहीच तपासता येत नाही.

ऑइल बदलण्याची योग्य पद्धत कोणती?

गाडी चार-पाच मिनिटे चालवून ऑइल कोमट करावे, म्हणजे तळाचा गाळ त्याच्याबरोबर निघतो. मग गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करून खाली पसरट भांडे ठेवावे, वरचे झाकण सैल करावे आणि तळाचा ड्रेन बोल्ट काढावा. ऑइल अंगावर उडून पोळणार नाही एवढेच ते गरम असावे. सगळे निथळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तोवर एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळून पाहावा. ऑइल काळे असणे स्वाभाविक आहे, पण बोटांना कचकच लागली, तर एअर फिल्टरमधून धूळ आत जात आहे असे समजावे. बोल्टाला चिकटलेली पीठासारखी बारीक राखाडी चकाकी चालते. दिसण्याइतके धातूचे तुकडे असतील, तर गाडी मिस्त्रीला दाखवावी. ऑइलचा रंग दुधासारखा झाला असेल, तर आत पाणी गेले आहे.

बोल्टाचा वॉशर प्रत्येक वेळी नवा टाकावा. बोल्ट आधी हातानेच पूर्ण फिरवावा आणि शेवटी पाना लावून बेताचा आवळावा. येथे मी केलेली चूक सांगणे मला आवश्यक वाटते. सुरुवातीच्या काळात ऑइल गळू नये म्हणून मी लांब दांड्याचा पाना लावून सगळा जोर काढला, आणि पुढच्या वेळी बोल्ट काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून बाहेर आली. इंजिनची खालची बाजू ॲल्युमिनियमची असते, बोल्ट पोलादाचा असतो, आणि त्या दोघांत नेहमी ॲल्युमिनियमच हरते. सऱ्या टोबायच्या, म्हणजे पेरणीच्या, दिवसांत, आटे पुन्हा बसवून मिळेपर्यंत, गाडी चार दिवस तालुक्याला पडून होती.

नवे ऑइल पुस्तिकेतील मापाने ओतावे. काही मिनिटे इंजिन चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग पातळी पाहावी. हिरो-होंडा पद्धतीच्या गाड्यांत पातळी पाहताना काडी आट्यांत न फिरवता नुसती टेकवायची असते. फिरवली तर पातळी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते. काही गाड्यांना बाजूला काचेची खिडकी असते. पातळी वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नये.

काढलेल्या जुन्या ऑइलचे काय करावे?

ते धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नये. थोडेसे ऑइलही मोठ्या क्षेत्रातले पाणी पिण्याजोगे ठेवत नाही, आणि आपले पाणी आधीच तोकडे आहे. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जुने ऑइल लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण गोठ्याच्या लाकडाला ते लावू नये, कारण जनावरे लाकूड चाटतात. रिकाम्या कॅनमध्ये साठवून ते मोठ्या गॅरेजला द्यावे. तेथून ते पुनर्प्रक्रियेसाठी गोळा केले जाते.

एअर फिल्टर धुवावा, झटकावा की बदलावा?

ते फिल्टरच्या जातीवर अवलंबून आहे, आणि येथेच सगळ्यात जास्त चुका होतात. फिल्टर तीन प्रकारचे असतात. जुन्या गाड्यांत स्पंजाचा असतो. तो रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवावा, न पिळता दाबून कोरडा करावा, इंजिन ऑइलमध्ये बुडवून जास्तीचे ऑइल दाबून काढावे आणि बसवावा. पेट्रोलने धुऊ नये. त्यात आगीचा धोका आहे आणि स्पंजही खराब होतो. दुसरा कोरड्या कागदाचा. तो हलक्या हाताने आपटून, आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाची हवा मारून साफ करता येतो. तिसरा तेलकट कागदाचा; तो हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत येतो आणि नवा असतानाही हाताला चिकट लागतो. तो चिकटपणा धूळ धरण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो. हा फिल्टर धुतला किंवा त्यावर हवा मारली, की तो दिसायला साफ होतो पण कामाचा राहत नाही. तो बदलायचाच असतो.

पंक्चरच्या दुकानात टायरची हवा भरताना जोरदार हवा मारून फिल्टर ‘साफ’ करून घेण्याची सवय गावोगावी आहे. त्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. फिल्टर उजेडासमोर धरावा. एखाद्या ठिकाणी ठिपक्यासारखा थेट उजेड दिसला, तर तो त्याच दिवशी बदलावा. फिल्टरची रबरी कडा डब्यावर सगळीकडून टेकते की नाही हेही पाहावे, कारण कागद शाबूत असून कडेने धूळ शिरलेली मी अनेकदा पाहिली आहे.

आपल्याकडे धूळ दोन हंगामांत जास्त असते. एक उन्हाळा, जेव्हा पांदणीतली माती चाकाखाली पिठासारखी होते. दुसरा कापूस वेचणीचा आणि मळणीचा काळ, जेव्हा जिनिंगच्या परिसरातून जाताना रुईचे तंतू आणि मळणी यंत्राचा भुसा हवेतच असतो. पुस्तिकेत फिल्टर बदलण्याचे अंतर १२,००० किलोमीटर किंवा त्याहून जास्त दिलेले असले, तरी मी होळीनंतर आणि दिवाळीनंतर फिल्टर उघडून पाहतो आणि निम्म्या अंतरातच बदलतो. फिल्टरच्या डब्याखाली एक लहान रबरी नळी असते. तिचे बूच काढून साचलेले पाणी आणि तेल सांडून द्यावे.

नवा फिल्टर शेवटी एक स्वस्त भाग आहे. त्याच्यावर पैसे वाचवले, तर तीच धूळ पिस्टन रिंग घासते, आणि मग इंजिनचे काम निघते.

प्लग पाहून इंजिनची तब्येत कळते का?

बऱ्याच अंशी कळते. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल, तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. ओला तेलकट काळा असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येत आहे. पांढरा फटक असेल, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजेच इंजिन जास्त तापते आहे.

प्लग विकत घेताना गाडीला नेमून दिलेला नंबरच मागावा. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : एनजीकेच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, तर बॉशच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग ‘गरम’ होतो. म्हणून एका कंपनीच्या ८ च्या जागी दुसऱ्या कंपनीचा ८ घेता येत नाही. बदली तक्ता पाहूनच घ्यावा. दोन टोकांमधील अंतर अनेक छोट्या गाड्यांना ०.८ ते ०.९ मिलिमीटर असते, तर काहींना ०.६ ते ०.७. इंजिन थंड असतानाच प्लग काढावा, काढण्यापूर्वी भोवतालची माती फुंकून घ्यावी, आणि बसवताना पाना न लावता बोटांनीच शेवटपर्यंत फिरवावा. नवा प्लग त्यानंतर पान्याने अर्धा फेरा आवळला की पुरे. वापरलेल्याला त्याहून कमी पुरतो.

चेन किती ताणावी, आणि चेन किट (चेन व तिची दोन दातेरी चाके, म्हणजे स्प्रॉकेट) बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

चेनच्या कामाआधी एक सूचना, जी मी प्रत्येकाला सांगतो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कधीही फडके लावू नये. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्याच्यामागे बोटे जातात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर, आणि चाक हाताने फिरवायचे. दुसरी पद्धत नाही.

आपल्या बऱ्याच गाड्यांना चेनवर पूर्ण पत्र्याचे झाकण असते. त्यावरचे रबरी बूच काढून बोटाने चेनचा खालचा भाग मधोमध वरखाली करून पाहावा. ही चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी चाल पाहावी, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जिथे ती सगळ्यात ताठ असेल तिथे माप जुळवावे. मागचा एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्या खुणांवर आणावेत, म्हणजे चाक तिरके बसत नाही. नट आवळल्यावर मागच्या ब्रेकची चाल पुन्हा पाहावी. चाक मागे सरकले की ब्रेकही बदलतो.

ढिली चेन आवाज करते म्हणून लोक ती ताठ करून ठेवतात. मागे माणूस किंवा ओझे बसले की शॉकअप दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. ओझ्याखाली ताठ चेन तुटण्याआधी गिअर बॉक्सच्या शाफ्टचे आणि चाकाचे बेअरिंग खाते. कापूस नेणाऱ्याने चेन दिलेल्या मापाच्या ढिल्या टोकाकडेच ठेवावी.

साफ करायला रॉकेल उत्तम. ते आता गावात सहज मिळत नाही, तेव्हा थोडे डिझेल आणि जुना ब्रश चालतो; मात्र ते टायरवर आणि ब्रेकवर उडू देऊ नये. फडक्याने कोरडी करून, एसएई ९० गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने थेंब-थेंब द्यावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी वरचे पुसून टाकावे. ग्रीस फासू नये. ग्रीस रोलरच्या आत शिरत नाही, बाहेर राहून माती धरते, आणि काळ्या मातीबरोबर त्याचे घासणीचे मिश्रण तयार होते.

बदलायची वेळ ओळखण्याची दोन मापे आहेत. ४२८ नंबरच्या चेनच्या लागोपाठ २१ पिनांमधील, म्हणजे २० खणांचे, अंतर नवीन असताना २५४ मिलिमीटर असते; ताणून धरल्यावर ते २५९ च्या आसपास गेले, तर चेन संपली. दुसरे म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या मधोमध चेन धरून मागे ओढावी. ती दातावरून उचलली जाऊन अर्धा दात दिसला, किंवा दात एका बाजूला वाकून हुकासारखे झाले असतील, तर पूर्ण किट बदलावे. नुसती चेन नवी टाकून जुने स्प्रॉकेट ठेवले, तर नवी चेन लवकरच जुन्याच्या मापाची होते. किट बसवताना जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे.

ब्रेक लायनर किती उरले हे चाक न काढता कळते का?

ड्रमच्या झाकणावर एक लहान बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेपर्यंत पोचला, तर लायनर बदलावे. पेडलची मोकळी चाल बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर ठेवतात. जुळवल्यावर चाक मोकळे फिरते की नाही हे हाताने पाहावे.

काळ्या मातीच्या भागात मी दर पावसाळ्यानंतर मागचे चाक काढतो. ड्रममध्ये सुकलेल्या मातीचा पापुद्रा बसलेला असतो. तो तोंडाने किंवा हवेने फुंकू नये, कारण लायनरची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसावी. लायनर चकाकत असेल, तर पॉलिश पेपरने हलके घासावे. ब्रेक उघडणाऱ्या कॅमच्या दांड्याला बोटाच्या टोकाएवढे ग्रीस पुरे. लायनरला ग्रीस लागू देऊ नये.

एकदा मी बाजाराच्या गावातल्या एका दुकानातून निम्म्या किमतीचे लायनर आणले होते. दीड महिन्याने घाटाच्या उतारावर मागचा ब्रेक अचानक जाम झाला. उघडून पाहिले, तर लायनरची पट्टी बुटापासून सुटून ड्रममध्ये अडकली होती. मागे माझी आई बसलेली होती. त्या दिवसापासून ब्रेकच्या बाबतीत मी किमतीची घासाघीस करत नाही.

डिस्क ब्रेकचे तेल कोणते?

टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ सिलिकॉनचे असते. ते या तेलांत मिसळू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरू नये आणि दर दोन वर्षांनी तेल बदलावे. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, जास्त मुडपतो आणि त्यामुळेच जास्त तापतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी हवा पाहावी, आणि डबल सीट किंवा ओझे असेल, तर मागच्या चाकाचा वेगळा आकडा पाळावा.

नवा टायर घेताना बाजूवर आयएसआय खूण आणि चार आकडी तारीख पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात उन्हात टांगून ठेवलेला चार वर्षांचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. खाचेत टीडब्ल्यूआय नावाची उंचवट्याची खूण असते. टायर तिच्या पातळीला आला की तो संपला. ट्यूबचा टायर बदलताना ट्यूबही नवी टाकावी.

बॅटरी वारंवार का बसते?

आधी टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करावी आणि व्हॅसलिन लावावे. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना शेवटी निगेटिव्ह. मल्टिमीटरवर, गाडी काही तास बंद असताना, १२.४ ते १२.८ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना सुमारे १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. चालू इंजिनावर आकडा वाढतच नसेल, तर दोष बॅटरीचा नसून चार्जिंगचा आहे; नवी बॅटरी घेऊन ती आठवड्यात पुन्हा बसेल.

पाण्याच्या जुन्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी टाकून बॅटऱ्या खराब झालेल्या आहेत. त्याच पाण्याने गाडी धुणाऱ्यांनी शेवटी कोरड्या फडक्याने नट, स्पोक आणि सायलेन्सर पुसून घ्यावा, नाहीतर एका हिवाळ्यात गंज धरतो.

फ्यूज उडाला, तर तेवढ्याच अँपिअरचा टाकावा. चांदी कागद गुंडाळून गाडी चालते, पण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

ई-२० पेट्रोलमुळे काय काळजी घ्यावी?

ई-२० म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी गेले, तर ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते आणि गाडी नेमकी त्या थरावर बंद पडते. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत अनेक गाड्यांना पाणी जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले की पावसाचे पाणी टाकीत उतरते. आषाढ लागण्याआधी ते छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. जुन्या गाडीची पेट्रोल नळी बोटाने दाबून पाहावी. ती फुगली किंवा चिरली असेल, तर लगेच बदलावी. किराणा दुकानातल्या बाटलीतले पेट्रोल अडीअडचणीलाच घ्यावे.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी घरी हाताळता येते का?

वर सांगितलेली सगळी कामे तिच्यावरही होतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्यूएल इंजेक्शन आहे, एवढाच मोठा फरक. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत चालवू नये, कारण आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. मीटरवर इंजिनचा दिवा लागून राहिला, तर मशीन असलेल्या ठिकाणीच न्यावी. प्रेशर पंपाचा झोत कनेक्टरवर आणि सीटखाली मारू नये.

खरा भाग आणि नकली भाग कसा ओळखावा?

जुना भाग बरोबर न्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून वजन, जाडी, छापलेला पार्ट नंबर आणि कडांची सफाई पाहावी. नकली चेन हलकी लागते, नकली फिल्टरच्या घड्या कमी आणि विरळ असतात, नकली क्लच वायरच्या टोकाचा शिशाचा मणी खडबडीत असतो. पाकिटावर एमआरपी, महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता असलाच पाहिजे. बिल मागावे, बिल देणारा दुकानदार सहसा नकली माल ठेवत नाही.

गाडीच्या कंपनीचे नाव नसलेला प्रत्येक भाग वाईट असतो, असे मात्र नाही. चेन, प्लग, टायर, बॅटरी, बल्ब हे भाग गाडीच्या कंपन्या स्वतः बनवत नाहीत. नामांकित उत्पादकांकडून घेतात, आणि तेच उत्पादक स्वतःच्या नावानेही ते विकतात. ते निःशंक घ्यावेत. ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि ऑइल सील मात्र मी कंपनीच्याच पाकिटातले घेतो.

प्रवासात बरोबर काय ठेवावे?

एक क्लच वायर, एक प्लग, दोन फ्यूज, चेनची एक जोडकडी क्लिपसह, पक्कड, प्लग पाना आणि जुन्या ट्यूबची हातभर पट्टी. वायर आणि जोडकडी घरीच एकदा बसवून पाहावी. जोडकडीची क्लिप कशी बसते हे दिवसाउजेडी ओट्यावर पाहिलेले असेल, तरच ती रात्री पांदणीत मोबाइलच्या उजेडात बसवता येते.